चरित्रपटांतील बाजूची माणसे

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत खऱ्या व्यक्तींच्या आयुष्यावर बेतलेले चित्रपट मराठीत आणि हिंदीत सातत्याने येत आहेत आणि आपल्या वृत्तपत्रात त्यांची परीक्षणेही नियमाने छापली जातात. नटाने चालण्या-बोलण्याची लकब कशी उचलली, रंगभूषा कितपत जमली, जुने पुणे किंवा गिरणगावातली चाळ कशी उभी केली, याविषयी त्यांत सविस्तर वाचायला मिळते. परंतु पडद्यावर नावानिशी आणलेल्या माणसांपैकी कोणाला न्याय मिळाला आणि कोणावर अन्याय झाला, हा प्रश्न त्यांत अभावानेच विचारला जातो. मी ठाण्यातील एका माध्यमिक शाळेत अनेक वर्षे इतिहास शिकवला असल्यामुळे या प्रश्नाशी माझा संबंध केवळ प्रेक्षक म्हणून आलेला नाही, आणि म्हणूनच हे पत्र काहीसे विस्ताराने लिहीत आहे.

आपल्याकडे चरित्रपटावर वाद होतो तो नायकावरून. नायकाचे उदात्तीकरण झाले की त्याची बदनामी झाली, एवढ्याच दोन टोकांमध्ये चर्चा फिरत राहते. वास्तविक ज्याच्या नावाने चित्रपट निघतो, त्याची काळजी वाहणारे पुष्कळ असतात. त्याचे अनुयायी असतात, वारस असतात, त्याच्या नावाच्या संस्था आणि प्रतिष्ठाने असतात, जयंतीला व्याख्याने होतात. चित्रपटाचा खरा भार पडतो तो त्याच्या शेजारी उभ्या राहिलेल्या माणसांवर. पहिली पत्नी, थोरला भाऊ, समकालीन प्रतिस्पर्धी, प्रशिक्षक, कचेरीतला वरिष्ठ अधिकारी, ही ती माणसे. नायक उंच दिसावा म्हणून त्यांना खुजे केले जाते, कथेला खलनायक हवा म्हणून त्यांच्या अंगावर दुष्टपणा चढवला जातो, किंवा कथेत अडचण होते म्हणून त्यांना साफ वगळले जाते. त्यांच्या वतीने बोलायला मात्र कोणी नसते, आणि असलेच तर त्याचा आवाज चित्रपटाच्या जाहिरातीपुढे ऐकू येत नाही.

'दंगल' हे याचे ठळक उदाहरण आहे. २०१६ साली आलेला हा चित्रपट मला आवडला होता आणि मुलींच्या कुस्तीकडे पाहण्याची अनेक घरांतली दृष्टी त्याने बदलली, हेही मी मान्य करते. पण त्यातील राष्ट्रीय शिबिराचा प्रशिक्षक पाहा. तो मत्सरी आहे, आपमतलबी आहे, मुलीचे नुकसान होत असताना स्वतःचा मान जपणारा आहे आणि अखेरीस अंतिम लढतीच्या वेळी तिच्या वडिलांना एका खोलीत कोंडून घालण्याची व्यवस्था त्याच्याच इशाऱ्यावर होते. २०१० साली दिल्लीत झालेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत असे काहीही घडले नव्हते. खऱ्या अंतिम लढतीत गीता फोगट यांनी ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूला सरळ दोन फेऱ्यांत हरवले होते. शेवटच्या काही सेकंदांत पाच गुणांचा डाव टाकून हातातून निसटलेली लढत जिंकण्याचा प्रसंग लेखकाने रचलेला आहे. लढत चुरशीची करण्याला माझी हरकत नाही, कारण त्यात कोणाचे काही बिघडत नाही. प्रशिक्षकाचे नाव चित्रपटात बदलून 'कदम' असे ठेवले आहे, हेही खरे. पण त्या वर्षी त्या संघाचे प्रशिक्षक कोण होते हे कुस्तीच्या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक होते, आणि त्या गृहस्थांनी आपल्या चित्रणाविषयी जाहीर नाराजीही व्यक्त केली. नाव बदलले आणि पद, वर्ष, स्पर्धा तशीच ठेवली, तर त्या बदलाने माणूस झाकला जात नाही. ज्याने आयुष्यभर आखाड्यात मुली घडवल्या, त्याच्याकडे नात्यागोत्यातली माणसे चित्रपट पाहून आल्यावर कोणत्या नजरेने पाहत असतील, याचा विचार पटकथा लिहिताना कोणाच्या मनात आला असेल काय?

वगळणे हाही अन्यायाचाच प्रकार आहे, फक्त तो सहज लक्षात येत नाही. महेंद्रसिंह धोनी यांच्यावरील २०१६ च्या चित्रपटात आई आहे, वडील आहेत, बहीण आहे, मित्र आहेत. थोरल्या भावाचा मात्र मागमूस नाही. १९८२ साली आलेला 'गांधी' हा तीन तासांहून मोठा चित्रपट अनेक अर्थांनी थोर आहे, आणि एका माणसाचे आयुष्य एका कथनात मावत नाही अशा आशयाची प्रांजळ कबुली तो आरंभीच देतो, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. तरीसुद्धा त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोठेही नाहीत. गांधीजींच्या आयुष्यातील सर्वांत कठीण वाद ज्यांच्याशी झाला, तेच गैरहजर असतील तर गांधीजींचेही चित्र अपुरे राहते. जगभरातल्या ज्या प्रेक्षकाची भारताशी ओळख या एका चित्रपटापुरती आहे, त्याला असा काही वाद झाला होता याची कल्पनाही येणार नाही.

यावर एक उत्तर ठरलेले आहे की चित्रपट म्हणजे माहितीपट नव्हे आणि कलावंताला कल्पनेचे स्वातंत्र्य असले पाहिजे. हे उत्तर मला मान्य आहे. सत्तर वर्षांचे आयुष्य अडीच तासांत बसवायचे तर प्रसंग एकत्र करावे लागणार, संवाद रचावे लागणार, मधली वर्षे गाळावी लागणार. कोणी आपल्या माजघरात काय बोलले याची टिपणे ठेवत नाही. परंतु कल्पनेने रचलेली गोष्ट पुढे कोठवर जाते, याचे भान ठेवायला हवे. प्रभात कंपनीने १९३६ साली 'संत तुकाराम' काढला. त्यासाठी शांताराम आठवले यांनी 'आधी बीज एकले' हे पद लिहिले, आणि ते तुकोबांच्या वाणीशी इतके एकरूप झाले की अभ्यासक मंडळी ते गाथ्यात शोधू लागली. आजही कितीतरी घरांत तो तुकोबांचाच अभंग म्हणून गायला जातो. आठवले यांच्या प्रतिभेचा हा केवढा मोठा गौरव आहे! या घटनेत कोणाचे नुकसान झाले नाही, कारण जे रचले गेले ते सुंदर होते आणि ते तुकोबांच्या पदरात पडले. पण हीच ताकद एखाद्याच्या माथी कलंक लावण्यासाठी वापरली गेली, तर तो कलंकही तितकाच पक्का बसतो आणि ऐंशी-नव्वद वर्षांनंतर त्याचा उगम कोणाला सांगता येत नाही.

वर्गात याचा प्रत्यय वारंवार येत असे. पेशवाईवरील एक भव्य हिंदी चित्रपट २०१५ च्या अखेरीस प्रदर्शित झाला, त्यानंतरच्या परीक्षेत एका हुशार मुलीने लिहिले होते की काशीबाई आणि मस्तानी यांच्यात अखेर सख्य झाले आणि शनिवारवाड्यात दोघींनी मिळून पिंगा घातला. अक्षर सुरेख, सनावळ्या अचूक, आणि मधोमध हे वाक्य. मी त्याखाली लाल रेघ मारली. उत्तरपत्रिका परत दिल्यावर ती मुलगी माझ्याकडे आली आणि तिने विचारले, "बाई, खोटे असेल तर मग सेन्सॉरने ते दाखवू कसे दिले?" तिचा प्रश्न रास्त होता. बहुतेक मोठ्या माणसांचीही हीच समजूत असते की चित्रपटाला प्रमाणपत्र मिळाले म्हणजे त्यातील मजकूर कोणीतरी तपासलेला आहे. वास्तविक १९५२ च्या चित्रपट कायद्यानुसार प्रमाणन मंडळाने पाहायचे असते ते चित्रपट सार्वजनिक प्रदर्शनास योग्य आहे का आणि कोणत्या वयोगटासाठी, एवढेच. त्यात इतिहासाची पडताळणी करणे हे त्या मंडळाचे मूळ काम नव्हे, आणि ते काम त्याच्याकडे सोपवावे असे मी सुचवणारही नाही.

मग प्रेक्षकाला सावध करण्यासाठी काय उरते? आरंभीची ती सूचना. चित्रपटगृहात ती कशी दिसते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. काळ्या पडद्यावर पांढऱ्या बारीक अक्षरांत दहा-बारा ओळी येतात. त्या वेळी निम्मे लोक मोबाइलचा उजेड पाडून आसनक्रमांक शोधत असतात आणि तिसरी ओळ वाचून होईपर्यंत ती पाटी निघून जाते. शिवाय तिच्यातला मजकूर प्रत्येक चित्रपटात जवळजवळ सारखाच असतो. हा चित्रपट सत्य घटनांवर प्रेरित आहे, काही प्रसंग व पात्रे काल्पनिक आहेत, कोणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही. कोणते प्रसंग आणि कोणती पात्रे, हे कधीच सांगितले जात नाही. ही पाटी कोर्टकचेरी टाळण्यासाठी लिहिलेली असते आणि प्रेक्षकाच्या हाती तिच्यातून काहीच लागत नाही. त्यानंतर चित्रपटभर तारखा, गावांची नावे, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि शेवटी खऱ्या माणसाची छायाचित्रे दाखवून हे सगळे असेच घडले असे ठसवले जाते. आरंभीच्या सूचनेने जे हातचे राखले, ते शेवटच्या छायाचित्रांनी पुसून टाकले जाते.

ठाणेकरांना हा विषय परका नाही. मानपाड्याच्या बाजूला महापालिकेचे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे. त्या नाट्यगृहात नाटक पाहणाऱ्या तरुणांपैकी अनेकांना घाणेकर माहीत आहेत ते २०१८ च्या चित्रपटातून. हा चित्रपट कांचन घाणेकर यांच्या 'नाथ हा माझा' या पुस्तकावर आधारलेला आहे. पुस्तक मी पूर्वी वाचले होते आणि ते मनस्वी आहे. पण आठवणींचे पुस्तक आणि चित्रपट यांत एक मोठा फरक पडतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव असते, प्रत्येक पानावर तिचा 'मी' असतो, त्यामुळे हे पत्नीने, प्रेमात पडलेल्या स्त्रीने सांगितलेले आहे हे वाचक क्षणभरही विसरत नाही आणि त्या हिशेबानेच ते वाचतो. पडद्यावर हा सांगणारा माणूस नाहीसा होतो. कॅमेरा जे दाखवतो ते कोणाच्या तरी आठवणीतले न वाटता प्रत्यक्ष घडलेले वाटते. मग घाणेकरांच्या पहिल्या पत्नी डॉ. इरावती, डॉ. श्रीराम लागू, नाट्यनिर्माते, ही सगळी माणसे एका व्यक्तीच्या नजरेतून दिसत आहेत हे ध्यानात राहत नाही. चित्रपटाने घाणेकर आणि लागू यांच्यातील चुरस ठळक केली आणि नाट्य म्हणून ती रंगलीही. परंतु डॉ. लागूंनी 'लमाण' हे आत्मचरित्र लिहून ठेवले आहे. ज्यांना त्या काळच्या रंगभूमीविषयी खरी आस्था आहे, त्यांनी ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. आपल्या ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे आणि अशा वाचनाची सोय पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. एकाच काळाकडे दोन नटांनी कसे पाहिले हे त्यातून कळते, आणि त्यांपैकी कोणालाच खलनायक ठरवण्याची गरज उरत नाही.

कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याबाबत तर हा प्रश्न अधिक नाजूक होतो. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला जन्मलेली यमुना नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदी झाली, १८८३ साली एकटी अमेरिकेला गेली, मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, क्षयाने गेली. तिच्या आयुष्यावर श्री. ज. जोशी यांची गाजलेली कादंबरी आहे, त्यावरून नाटक झाले, आणि २०१९ साली चित्रपट आला. या तिन्हींनी गोपाळराव जोशी यांना मराठी मनात घर मिळवून दिले. बायकोला शिकवण्याच्या ध्यासाने पेटलेला, विक्षिप्त, तापट, पण अंतर्यामी प्रेमळ नवरा, असे ते चित्र आहे. ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. गोपाळरावांचा ध्यास खराच होता आणि त्यांच्याशिवाय ती अमेरिकेला जाती ना. परंतु आनंदीबाईंची पत्रेही उपलब्ध आहेत. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले त्यांचे चरित्र पत्रांसह छापले गेले आणि पुढे अंजली कीर्तने यांनी अत्यंत परिश्रमाने त्यांचा काळ उभा केला. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिताना आनंदीबाईंनी लहानपणी सोसलेल्या माराची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. दहाव्या वर्षी लाकडाने मारणे, बाराव्या वर्षी अंगावर पुस्तके आणि खुर्च्या फेकणे व सोडून देण्याची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा, अशी वयानुसार मांडलेली ती यादी आहे, आणि तिच्यात आकांत नाही. परदेशात, थंडीत, आजारी शरीराने शिकणारी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी आपल्या नवऱ्याला इतक्या शांतपणे हिशेब मांडून दाखवते, हे मला त्या आयुष्यातले सर्वांत धीट पाऊल वाटते. चित्रपटात मात्र ही आनंदी भेटत नाही, कारण तिथे कथा अखेर त्या दोघांच्या प्रेमाची होते. इथे बाजूला सारली गेली आहे ती खुद्द नायिका. तिच्या नावाच्या चित्रपटात तिचा आवाज नवऱ्याच्या ध्यासाखाली दबला, आणि हे वाईट हेतूने नव्हे, तर गोड शेवटाच्या ओढीने झाले. चित्रपट कसबी आहे, त्यातील दोन्ही प्रमुख कलाकारांचे काम मनाला भिडते, आणि म्हणूनच ही उणीव अधिक जाणवते.

ठाण्याच्या अगदी जवळचे उदाहरण 'धर्मवीर'चे आहे. आनंद दिघे यांचे निधन २६ ऑगस्ट २००१ रोजी ठाण्यात झाले. टेंभी नाक्यावरील आनंद आश्रमात रात्री उशिरापर्यंत गाऱ्हाणी घेऊन बसलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, अशी पिढी अजून या शहरात आहे. कोणाचे काम झाले, कोणाला दरारा वाटला, कोणाचे पटले नाही, अशा निरनिराळ्या आठवणी घरोघर आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. चित्रपटाचा पहिला भाग १३ मे २०२२ रोजी आला आणि पुढच्याच महिन्यात शिवसेनेत फूट पडली. दुसरा भाग २७ सप्टेंबर २०२४ रोजी, विधानसभेच्या निवडणुकीला दोन महिनेही उरले नसताना आला. पडद्यावर नावानिशी दिसणारी कितीतरी माणसे आज राजकारणात आहेत, काही या बाजूला, काही त्या बाजूला. त्यांतील कोणाची बाजू खरी, हे ठरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. माझा मुद्दा असा की २००१ नंतर जन्मलेल्या ठाणेकरापाशी स्वतःची आठवण नाही. त्याच्यासाठी दिघे म्हणजे प्रसाद ओक यांनी साकारलेले दिघे, आणि कोण त्यांच्या निकट होते व कोण नव्हते याचा निवाडाही चित्रपटानेच दिलेला. ज्यांच्या आठवणी वेगळ्या आहेत, त्यांनी त्या लिहून ठेवल्या नाहीत तर आणखी वीस वर्षांनी या शहराच्या एका कालखंडाची एकच बाजू शिल्लक राहील.

कुटुंबीयांची संमती घेतली की प्रश्न सुटतो, असे सुचवले जाते. मला ते पटत नाही. संमती म्हणजे बहुतेक वेळा संमती देणाऱ्याच्या सोयीची कथा. धोनी यांच्यावरील चित्रपटाच्या निर्मितीत त्यांचे व्यवस्थापकच सहभागी होते. संजय दत्त यांच्यावरील २०१८ चा चित्रपट त्यांच्या जुन्या दिग्दर्शक मित्राने काढला. त्यात नायकाची व्यसने आहेत, तुरुंगवास आहे, मित्रद्रोहसुद्धा आहे, म्हणजे कबुलीजबाबाचा पुरेपूर आव आहे. परंतु कर्करोगाने गेलेली पहिली पत्नी नाही आणि तिच्यापासून झालेली मुलगी नाही, आणि सगळ्या दुर्दैवाचे खापर अखेर वृत्तपत्रांवर फुटते. ज्याच्याकडे पैसा आणि ओळखी आहेत त्याला आपल्या चरित्रातली नको असलेली माणसे अशी गाळून घेता येतात.

आणि ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही, तो नायक असूनही बाजूचाच माणूस ठरतो. 'बँडिट क्वीन' तयार झाला तेव्हा फूलनदेवी हयात होत्या. त्यांच्यावरील अत्याचार पडद्यावर ज्या रीतीने दाखवले गेले, त्याला हरकत घेऊन त्या १९९४ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. बाईवर एकदा झालेला अत्याचार तिला न विचारता हजारो अनोळखी माणसांसमोर पुन्हा उभा करण्याचा अधिकार कलेला कोणी दिला, हा त्यांचा प्रश्न तेव्हाही बिनतोड होता आणि आजही आहे.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ सालीच राजगोपाल प्रकरणात सांगितले की खासगी आयुष्याविषयी संमतीशिवाय लिहिता येणार नाही, मात्र जे सार्वजनिक नोंदीत आलेले आहे त्यावर लिहिण्यास मोकळीक आहे. माणूस मरण पावला की त्याचा खासगीपणाचा हक्कही संपतो, वारसांकडे तो जात नाही, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात घेतली. मृताची बदनामी हा गुन्हा होऊ शकतो, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये तशी तरतूद आहे. पण कुटुंबीयांना दुखावण्याचा हेतू होता हे त्यासाठी दाखवावे लागते, आणि निवृत्त प्रशिक्षकाने किंवा एखाद्या विधवेने मोठ्या निर्मितीसंस्थेविरुद्ध तारखांना हेलपाटे घालणे किती शक्य आहे, हे सांगायला नको. माझ्या मते न्यायालयांची ही भूमिका योग्यच आहे. वारसांना नकाराधिकार दिला तर उद्या एकाही थोर माणसाचे निर्भीड चरित्र लिहिता येणार नाही. म्हणजे जिथे कायदा थांबतो, तिथून पुढची जबाबदारी चित्रपट काढणाऱ्यांची आणि आपली, पाहणाऱ्यांची आहे.

झुंडीच्या बळावर केलेल्या विरोधातून तर अन्याय दूर होत नाहीच, उलट बलवानांचे तेवढे ऐकले जाते. 'छावा'मध्ये संभाजी महाराज लेझीम खेळतात या दृश्यावर जानेवारी २०२५ मध्ये मोठा गदारोळ झाला आणि ते दृश्य प्रदर्शनापूर्वीच काढण्यात आले. त्याच चित्रपटात फितुरी करणारे म्हणून दाखवलेल्या शिर्के घराण्याच्या आजच्या वंशजांनी हरकत घेतली ती प्रदर्शनानंतर, आणि तोवर लाखो लोकांनी चित्रपट पाहिलेला होता. दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली हे त्यांच्या सुसंस्कृतपणाला शोभणारेच झाले, पण दृश्ये तशीच राहिली. लेझीम हा आनंदाचा खेळ आहे, त्याने कोणाचीही अप्रतिष्ठा होत नव्हती. वादग्रस्त पुराव्याच्या आधारे एका घराण्यावर फितुरीचा शिक्का मारणे ही गोष्ट कितीतरी अधिक गंभीर होती. आपण चुकीच्या गोष्टीसाठी संतापलो, असे मला तेव्हाही वाटले. महात्मा फुले यांच्यावरील चित्रपटाचे प्रदर्शन एप्रिल २०२५ मध्ये दोन आठवडे पुढे ढकलावे लागले, ते तर त्यांच्या काळात प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टी दाखवल्या म्हणून. खरे दाखवले तर अडवायचे आणि रचलेले दाखवले तर टाळ्या वाजवायच्या, ही रीत महाराष्ट्राला शोभत नाही.

हे सगळे टाळून उत्तम चित्रपट काढता येतो, याचे दाखले आपल्याच घरात आहेत. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ने फाळक्यांचे संपूर्ण आयुष्य दाखवण्याचा हव्यास धरला नाही. पहिल्या चित्रपटाचा ध्यास लागल्यापासून तो पूर्ण होईपर्यंतचा थोडासाच काळ निवडला. काळ आखूड घेतल्यामुळे माणसांना जागा मिळाली, आणि सर्वांत अधिक ती सरस्वतीबाईंना मिळाली. घर चालवणाऱ्या, दागिने काढून देणाऱ्या, कळकट अंधारात फिल्मवर काम करणाऱ्या, साऱ्या चमूच्या जेवणाची चिंता वाहणाऱ्या सरस्वतीबाई या चित्रपटामुळे मराठी प्रेक्षकांना नव्याने कळल्या. नायकाला मोठे करण्यासाठी इथे कोणाला लहान करावे लागले नाही. दुसरा मार्ग 'भूमिका'चा. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ साली तो काढला, पण नायिकेसह सर्वांची नावे बदलली आणि हे हंसाबाईंचे चरित्र आहे असा दावा केला नाही. त्यामुळे दिग्दर्शकाला मोकळीक मिळाली आणि खऱ्या माणसांनाही आडोसा राहिला. स्मिता पाटील यांच्या अभिनयाची धार त्याने कणभरही कमी झाली नाही.

खरे नाव वापरायचे तर नोंदींशी प्रामाणिक राहावे, आणि रचायचे असेल तर नाव, पद, गाव, वर्ष असे ओळखीचे सगळेच बदलावे, एवढी साधी शिस्त निर्मात्यांनी पाळली तरी पुष्कळ होईल. विशेषतः ज्या पात्राच्या अंगावर दुष्टपणा टाकायचा आहे, त्याच्याबाबत. त्याचबरोबर आरंभीच्या त्या निरर्थक पाटीऐवजी, चित्रपटाच्या शेवटी, खऱ्या छायाचित्रांच्या जोडीला, कोणता प्रसंग रचलेला आहे, कोणते पात्र दोघा-तिघांना मिळून केलेले आहे आणि घटनांचा क्रम कोठे बदललेला आहे, हे चार-पाच ठळक वाक्यांत लिहावे. त्याने चित्रपटाची रंगत जात नाही. तोवर प्रेक्षक रडून आणि हसून मोकळा झालेला असतो.

आपल्याकडे, म्हणजे वृत्तपत्राकडे, माझी स्वतंत्र विनंती आहे. चरित्रपटाचे परीक्षण छापताना त्याच्या शेजारी एक लहानशी चौकट द्यावी आणि तीत उपलब्ध चरित्रे, पत्रे, आत्मकथने व समकालीन वृत्ते यांच्या आधारे काय घडल्याची नोंद आहे आणि चित्रपटाने कोठे वेगळी वाट धरली आहे, एवढेच सांगावे. त्यात टीका नको, तारे नकोत. आपल्या जुन्या अंकांचा संग्रह यासाठी उपयोगी पडेल, कारण यांपैकी कितीतरी घटनांच्या बातम्या आपल्याच पानांवर छापून आलेल्या असतील. ज्या बाजूच्या माणसांचे चित्रण झाले आहे, ती हयात असतील तर त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना दोन परिच्छेदांची जागा द्यावी. शाळांतून इतिहास आणि मराठी शिकवणारे शिक्षक अशी चौकट कापून फलकावर लावतील, असे अनुभवावरून सांगते. मजकूर पडताळण्याच्या कामी माझ्यासारखे निवृत्त शिक्षक विनामूल्य मदत करायला तयार होतील. माझी तयारी आहेच, आणि परिसरातील आणखी काही जणांशी मी याविषयी बोलले आहे. पुढचा चरित्रपट ज्या आठवड्यात प्रदर्शित होईल, त्या आठवड्यापासूनच याची सुरुवात करावी, ही विनंती.

कळावे,

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)